विंगेतल्या बाईंचं मौनव्रत

वाट सोपी होती, असं हॉटेलच्या दारातच पाटीवर लिहिलं होतं. समुद्राच्या कडेकडेने जाते, कुठे चढ नाही, घसरण नाही, वाटेत बाकं आहेत, टोकाला चहाची टपरी आहे, लहान मुलांना आणि वृद्धांनाही झेपेल. कुजबुजबाईंनी पाटी दोनदा वाचली आणि मनात म्हणाल्या, ज्यांना झेपेल त्यांना झेपू दे, माझं आज काही खरं नाही. कारण त्यांना नुसतं चालायचं नव्हतं. चालता चालता गप्प राहायचं होतं, आणि हे त्यांच्या खानदानात आजवर कुणालाही जमलेलं नव्हतं.

कुजबुजबाई हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. पण नाट्यगृहात दारावरच्या माणसापासून मुख्य नटापर्यंत सगळे त्यांना याच नावाने ओळखत, आणि त्याला कारण होतं. बाई प्रॉम्प्टर होत्या. रंगमंचाच्या कडेला, विंगेत, एक खुर्ची, एक मिणमिणता दिवा आणि मांडीवर नाटकाची संहिता घेऊन त्या बसत, आणि नट अडला की पुढचं वाक्य हलकेच त्याच्या कानात सोडत. प्रेक्षकांना पत्ता लागत नसे. या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. नट नुसता श्वास घ्यायला थांबलाय की पुढचं विसरलाय, हे त्यांना त्याच्या मानेकडे बघून कळायचं.

पण हे झालं रंगमंचावर. घरीदारी, दुकानात, रस्त्यावर मात्र बाईंचा अंदाज साफ चुकायचा. कुणी बोलता बोलता थांबलं की त्यांच्या तोंडातून पुढचं वाक्य निघून जायचं. बँकेतला माणूस “तुमच्या खात्यात…” म्हणून चष्मा पुसायला लागला, की या “काहीच नाही?” म्हणून मोकळ्या. एकदा त्या एका ओळखीच्या घरी दुःखाच्या प्रसंगी भेटायला गेल्या होत्या. घरची बाई सांगत होती, “जाताना हे एवढंच म्हणाले, की…” आणि बिचारी डोळे पुसायला थांबली. कुजबुजबाई हलकेच म्हणाल्या, “पंखा लावा?” त्या घरी त्यांना पुन्हा कुणी बोलावलं नाही.

आता त्यांच्या शेजारून चालणारे गृहस्थ बघा. हे दातांचे डॉक्टर. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन दूर गेलेली. खाली दवाखाना, वर ते आणि त्यांची म्हातारी आई. माणूस सरळ, हात हलका, स्वभाव गरीब. खोड एकच. उभा जन्म लोकांच्या दाढांमध्ये डोकं घालून काढल्यामुळे त्यांना सलग बोलायची सवयच राहिली नव्हती. “मग यंदा सुट्टीत…” असं म्हणून ते दाढेत शिरत, तिथलं सगळं काम आटोपत, आणि बऱ्याच वेळाने बाहेर येऊन “…कुठे?” असं विचारत. पेशंटची तक्रार नसायची. असली तरी त्याला ती सांगता येत नसे.

तर एकाला थांबल्याशिवाय बोलता येत नाही आणि दुसरीला कुणी थांबलेलं बघवत नाही. अशी दोन माणसं एकत्र आली तर काय व्हायचं ते झालंच. गेल्या वर्षी बाई दाढेवर कॅप बसवून घ्यायला गेल्या होत्या. काम झालं, डॉक्टरांनी तोंडावरचा मास्क काढला, एक्स-रे उजेडात धरला आणि म्हणाले, “बाई, आता आपण एकदा…”

आणि थांबले.

“कुठेतरी चहाला भेटूया?” बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी एक्स-रेकडे बघितलं. मग बाईंकडे बघितलं. मग कानाच्या पाळ्या लाल होईपर्यंत विचार केला आणि म्हणाले, “हो. तसंच.”

तिथून जे सुरू झालं ते वर्षभर चाललं. चहा झाला, सिनेमा झाला, बागेतलं बाक ठरलं, एकमेकांचे चष्मे विसरून झाले. बाई या वयात शिट्टी वाजवायला लागल्या. जिना उतरताना गुडघा कुरकुरायचा, आणि वर ही शिट्टी. नाट्यगृहात लोक एकमेकांना कोपर मारायचे आणि बाईंना ते दिसायचं, पण ‘हसतील त्यांचे दात दिसतील’ असं म्हणून त्यांनी सोडून दिलं. शिवाय दात आता घरचेच झाले होते.

सगळं असं छान चाललेलं असताना मागच्या आठवड्यात डॉक्टरांच्या आईने माती खाल्ली. म्हणजे हेतू वाईट नव्हता म्हातारीचा. बाई वर चहाला गेल्या होत्या, डॉक्टर खाली कुणाची तरी दाढ काढत होते, आणि आजीबाई हसत हसत म्हणाल्या, “अगं, तुला म्हणून सांगते. त्या दिवशी तो तुला ‘एकदा अक्कलदाढ काढून टाकूया’ असं म्हणणार होता! तूच मध्ये चहा काढलास!”

बाई हसल्या. घरी येईपर्यंत हसत होत्या. घरी आल्यावर त्यांनी चपला काढल्या, पलंगावर बसल्या आणि वर्षाची उजळणी सुरू केली. सिनेमाला जाऊया कोण म्हणालं? डॉक्टर म्हणाले होते, “रविवारी दुपारी मी…” पुढचं आपण म्हणालो. बागेत बसूया कोण म्हणालं? आपण. ‘तुमच्याशी बोललं की बरं वाटतं’ हे? डॉक्टर म्हणाले होते, “तुमच्याशी बोललं की…” आणि पुढचं आपण! या सहलीचंही तेच. “या शनिवार-रविवारी जरा…” असं म्हणून डॉक्टर थांबले होते, आणि “समुद्रावर जायचं म्हणताय?” असं आपण विचारलं होतं. कोण जाणे, त्या बिचाऱ्याला गच्ची गळते म्हणून गवंडी बोलवायचा असेल. एवढं वर्षभराचं नाटक, आणि त्यात डॉक्टरांच्या तोंडचं एकूण एक वाक्य आपलंच.

बाईंनी हे धाकट्या बहिणीला फोन करून सांगितलं. धाकटी जिभेने तिखट, पण जीव लावणारी.

“ताई, तुझं काही खरं नाही,” ती म्हणाली. “तिकडे समुद्रावर तू त्यांच्या वतीने स्वतःला लग्नाचं विचारशील आणि लगेच स्वतःच्या वतीने हो म्हणशील. त्या माणसाला फक्त हजर राहायचंय.”

बाईंच्या मनातही नेमकी हीच धास्ती होती. डॉक्टर गेले काही दिवस वारंवार वाक्य सुरू करून सोडून देत होते, आणि त्या वाक्याच्या पोटात काय आहे याचा बाईंना वास लागला होता. पण वास आपल्याच स्वयंपाकाचा असेल तर? या माणसावर त्यांचा जीव जडला होता, त्यात त्यांना तिळमात्र शंका नव्हती. प्रश्न एवढाच होता की याला आपण हव्या आहोत, की केवळ सभ्यपणामुळे हा आपली वाक्यं ऐकून घेतोय? हे कळायला एकच उपाय होता. दोन दिवस तोंडात मूग धरायचे. डॉक्टरांचं एकही वाक्य पुरं करायचं नाही. जीभ चावावी लागली तर चावायची.

तर अशी ती वाट सुरू झाली. दिवस शरदाचा होता आणि अगदी नाकी डोळी नीटस होता. ऊन होतं पण बोचत नव्हतं. वारा होता, आणि तो झाडांची पिवळी पानं उचलून वाळूवर नेऊन टाकत होता. गर्दीचा मोसम सरलेला, त्यामुळे छत्र्या मिटलेल्या, खुर्च्या एकावर एक रचलेल्या, होड्या पालथ्या घालून ताडपत्रीखाली झोपवलेल्या. बाईंनी नवे लाल कॅनव्हासचे बूट घातले होते आणि ते दिसावेत म्हणून त्या पाऊल जरा जास्तच उचलत होत्या. डॉक्टरांनी कुठून तरी एक टोपी पैदा केली होती. पहिल्याच वळणावर वाऱ्याने ती उडवली आणि साठीकडे झुकलेला तो सभ्य गृहस्थ “अगं थांब, थांब!” असं टोपीला ओरडत वाळूतून पळाला. टोपी थांबे, हा वाकला की पुन्हा उडे. बाई कठड्याला धरून इतक्या हसल्या की त्यांना व्रताचा विसर पडला. मग डॉक्टर टोपी घेऊन धापा टाकत परत आले, बाईंच्या समोर उभे राहिले आणि म्हणाले, “बाई, मला असं वाटतं…”

आणि थांबले.

बाईंनी ओठ आवळले. लाट आली, फुटली, परत गेली. डॉक्टर बाईंच्या तोंडाकडे बघत होते. बाई समुद्राकडे बघत होत्या. त्यांच्या जिभेच्या टोकावर चार-पाच वाक्यं रांग लावून उभी होती आणि एकमेकांना ढकलत होती.

“…वारा वाढलाय,” डॉक्टर म्हणाले आणि टोपी खिशात कोंबली.

बाईंना वाटलं, हेच म्हणायचं असेल त्याला. वारा वाढलाच आहे. आपणच उतावळ्या.

पुढे एक बाक लागलं. दोघं बसली. डॉक्टरांनी पिशवीतून थर्मास काढला, दोन सफरचंदं काढली, रुमालाने लखलखीत पुसली आणि सफरचंदाकडेच बघत म्हणाले, “आपलं वय बघता…”

हे फार वाईट होतं. या वाक्याचं काहीही होऊ शकत होतं. आपलं वय बघता आता उशीर कशाला. आपलं वय बघता हे सगळं आता पुरे. बाईंनी सफरचंद दोन्ही हातांनी घट्ट धरलं. तेवढ्यात मागून काठ्या टेकत एक म्हातारं जोडपं आलं. त्यातल्या आजोबांच्या कानावर तेवढेच शब्द पडले असावेत. “वय काय बघता!” ते जाता जाता खेकसले. “उठा आणि चाला!” आणि दोघंही तुरुतुरु पुढे निघून गेली.

“…सावकाश गेलेलं बरं,” डॉक्टर पडलेल्या आवाजात म्हणाले.

तिसऱ्या वेळी तर कहरच झाला. वाट एका छोट्या लाकडी पुलावरून जात होती. पुलाच्या मधोमध डॉक्टर थांबले, कठड्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “बाई, गेले कित्येक दिवस मी…” बाईंनी ओठ इतके घट्ट मिटले की गाल फुगले. श्वास कोंडला. डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरांनी त्यांच्याकडे नीट निरखून बघितलं.

“पोटात दुखतंय का?” त्यांनी काळजीने विचारलं.

बाईंनी नकारार्थी मान हलवली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. सोप्या वाटेवर त्यांना घाम फुटला होता. आणि डॉक्टरांचा चेहरा दर वेळी थोडा थोडा उतरत चालला होता, हेही त्यांना दिसत होतं. सकाळी टोपीमागे धावणारा माणूस आता खिशात हात घालून, खाली बघत, आपल्याच बुटांच्या मागून चालला होता. बाईंना वाटलं, संपलं. याच्याकडे स्वतःचं असं काही बोलायला नाहीच. आपण गप्प बसलो तर इथे नुसता वारा आहे. आणि हे वाटल्यावर त्यांना असं रडू आलं की त्यांनी बुटाची नाडी बांधण्याचं निमित्त करून खाली बसून घेतलं.

वाटेच्या टोकाला टपरी होती. टपरीवाली बाई मोसम संपला म्हणून सामान आवरत होती. आइस्क्रीमचे डबे धुऊन पालथे घातलेले, फळीवर टॉफीची एक जाडजूड लादी तेवढी उरलेली. “घ्या हो, घेऊन टाका,” तिने बाईंच्या हातात एक भलामोठा तुकडा ठेवला. “परत घरी न्यायची म्हणजे माझीच पोरं खाणार आणि त्यांचेच दात किडणार.”

डॉक्टरांनी डोळे मिटले. टॉफी म्हणजे त्यांचा हाडवैरी. पण बाईंच्या डोक्यात लखकन प्रकाश पडला. जिभेवर आपला ताबा नाही ना? मग दातच चिकटवून टाकू. त्यांनी तो अख्खा तुकडा तोंडात कोंबला आणि चावला.

वरचे दात खालच्या दातांना असे चिकटले की ज्याचं नाव ते. बाईंनी जबडा उघडून बघितला. उघडेना. डावीकडून प्रयत्न केला, उजवीकडून केला. नाही. दातखीळ बसली होती. आणि काय सांगू, त्या क्षणी त्यांना इतकं मोकळं वाटलं! आता ब्रह्मदेव आला तरी त्यांच्याकडून कुणाचंही वाक्य पुरं करून घेऊ शकत नव्हता.

“बाई, तुम्ही हे…” डॉक्टर म्हणाले आणि थांबले.

“म्म्म,” बाई म्हणाल्या.

“म्हणजे तुमचं तोंड…”

“म्म्म्म!”

हे इतकं मजेशीर होतं की बाईंना हसू फुटलं. तोंड बंद, त्यामुळे ते नाकातून आलं, शिंकेसारखं. ते ऐकून डॉक्टरांनाही हसू आलं. टपरीवाली हसायला लागली. बाई पोट धरून बाकावर बसल्या, हसता हसता जबड्याला जोर दिला, आणि कडाक् असा आवाज झाला. टॉफी सुटली. टॉफीबरोबर आणखीही काहीतरी सुटलं. बाईंनी ते हातावर घेतलं. टॉफीच्या गोळ्यात रुतून बसलेली, दातासारखी दिसणारी, त्यांच्या दाढेवरची कॅप.

बाईंचं हसू जागच्या जागी थिजलं. त्यांनी तळहात डॉक्टरांपुढे केला.

आणि डॉक्टर बदलले. खांदे सरळ झाले, खिशातले हात बाहेर आले. “बसून राहा,” ते म्हणाले. “तोंड उन्हाकडे. मान मागे टेका. काही बोलू नका.” इतकी वाक्यं आणि एकाही ठिकाणी थांबणं नाही. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक छोटीशी पिशवी काढली. त्यात आरसा होता, कापूस होता, हातमोजे होते, कॅप तात्पुरती बसवायच्या सिमेंटची इवलीशी नळी होती. शनिवार-रविवारी समुद्रावर फिरायला येताना माणूस हे घेऊन येतो, यावर बाईंचा विश्वास बसेना. टपरीवालीने कोमट पाणी दिलं. डॉक्टरांनी टॉफी धुऊन काढली, कॅप पुसली, उन्हात धरून बघितली, वाकले आणि म्हणाले, “आ करा. मोठा.”

बाईंनी आ केला.

डॉक्टरांनी दाढ कापसाने कोरडी केली. आरसा आत घातला. त्यांच्या कपाळावरच्या सकाळपासूनच्या आठ्या एकेक करून उलगडल्या, आणि ते दाढेकडे बघत, हाताने काम करत, आपल्या नेहमीच्या शांत आवाजात बोलायला लागले.

“बाई, वर तीन खोल्या आहेत, आई आहे, तिला तुम्ही आवडता, जिन्याला कठडा नाही तो मी लावून घेतो, रात्री नाटकाहून यायला तुम्हाला उशीर होतो ते मला चालेल, मी तुमचं जेवण झाकून ठेवून जागा राहीन, मला तुमच्याशी लग्न करायचंय, तुम्हाला माझ्याशी करायचंय का?”

आणि कॅप दाढेवर टेकवून त्यांनी वरून बोटाने दाबून धरली.

बाईंचे डोळे गरगरीत झाले. डोक्यावर आकाश होतं, आकाशात एक पक्षी, आणि तोंडात डॉक्टरांचं बोट. एवढं मोठं वाक्य, आणि त्यात पॉज नावाला नव्हता. शिवाय ते वाक्य बाईंचं नव्हतं. हे त्यांना शपथेवर सांगता आलं असतं. त्यांनी आयुष्यात किती म्हणून लग्नाच्या मागण्या संहितेत वाचल्या होत्या, कुजबुजल्या होत्या. चंद्र असलेल्या, गुडघे टेकलेल्या, सगळ्या तऱ्हेच्या. पण जिन्याचा कठडा? मागणीत जिन्याचा कठडा घालायचं त्यांना सात जन्मांत सुचलं नसतं. तो कठडा डॉक्टरांचा होता, अस्सल, त्यांच्या स्वतःच्या डोक्यातून निघालेला.

“आँ,” बाई म्हणाल्या.

“दुखतंय?”

“आँ-आँ!”

“मग हे…” डॉक्टर म्हणाले आणि थांबले.

बाईंची जीभ वळवळली. पण वर बोट होतं, खाली कापूस होता. त्या नुसत्या बघत राहिल्या. डॉक्टर त्यांच्या डोळ्यांकडे बघत होते. आता त्यांच्या मदतीला कुणीही येणार नव्हतं.

“…हे ‘हो’ आहे,” डॉक्टर म्हणाले. उघड्या तोंडांची भाषा त्यांच्याइतकी कुणाला येणार? “हो, हे ‘हो’च आहे. मी ओळखतो.”

“आँ! आँ! आँ!”

“मान हलवू नका!” डॉक्टर ओरडले. “कॅप सरकेल!”

टपरीवालीने हातातला डबा खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांनी बोट काढलं, बाईंना दात मिटायला लावले आणि सिमेंट धरेपर्यंत तसंच घट्ट दाबून बसायची ताकीद दिली. मग ते बाईंच्या शेजारी बसले. आणि धरण फुटावं तसे बोलायला लागले.

“सोमवारपासून तालीम करतोय मी,” ते म्हणाले. “प्रत्येक पेशंटवर. मध्ये थांबलो की तुम्ही काहीतरी चांगलं सुचवणार आणि मी हो म्हणणार, हे मला माहीत होतं. हे एवढं एक वाक्य तरी माझं असायला हवं होतं ना. म्हणून पाठ केलं. लोक तोंड उघडून पडलेले असतात, मी आपला म्हणायचो. एक निवृत्त पोस्टमास्तर होते, ते गळ्यातल्या रुमालासकट उठून उभे राहिले. एक बाई चूळ भरून म्हणाल्या, डॉक्टर, माझं लग्न झालंय. एका बसड्रायव्हरने सगळं शांतपणे ऐकलं आणि शेवटी विचारलं, कठडा लाकडी की लोखंडी? शुक्रवारपर्यंत कसं अगदी तोंडपाठ झालं होतं. पण तालीम सगळी उघड्या तोंडांसमोर झालेली, आणि इथे सकाळपासून तुमचं तोंड असं कुलूप लावल्यासारखं! एरवी निदान बोलता बोलता तरी ते उघडं असतं. मी दर वेळी सुरुवात करायचो, तुमच्या ओठांकडे बघायचो, आणि सगळं विसरायचो. मला वाटलं, तुम्हाला आता माझा कंटाळा आला.”

बाई दात आवळून बसल्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. हसू येत होतं ते वेगळंच. गाढवपणा कुणाचा म्हणायचा? ज्या तोंडाला त्यांनी एवढ्या निग्रहाने कुलूप घातलं, तेच बिचाऱ्याला उघडं हवं होतं.

“आणि अक्कलदाढेचं आईने सांगितलं ना तुम्हाला?” डॉक्टर म्हणाले. “तिच्या पोटात काही राहत नाही. खरं आहे ते. चहाचं वाक्य तुमचंच होतं. सिनेमाचंही. या सहलीचं म्हणाल तर मी गच्चीचं काम काढणार होतो. पण बाई, प्रत्येक वेळी ‘हो’ मी म्हणालो होतो. ते कुणी सुचवलेलं नव्हतं.”

हे ऐकलं आणि बाईंच्या आत इतका वेळ ताठ उभं असलेलं काहीतरी एकदम खाली बसलं. उभा जन्म त्यांनी अशा माणसांसाठी खर्ची घातला होता ज्यांची वाक्यं पाठ नसत. आपल्या भरवशावर ती निवांत रंगमंचावर जात. कुणी मुद्दाम त्यांच्यासाठी वाक्य पाठ करून यावं, त्याची आठवडाभर तालीम करावी, आणि मग त्यांनाच समोर बसवून ते म्हणावं, असं आजवर कधी घडलं नव्हतं. त्या खूश होत्या. इतक्या, की लाल बूट घातलेले पाय त्यांनी बाकाखाली लहान मुलीसारखे हलवायला सुरुवात केली. डॉक्टरांनी त्यांचा हात हातात घेतला. ते काम झाल्यावर हातमोजा काढायचं विसरले होते. बाईंनीच तो ओढून काढला.

समुद्र समोर होता, ऊन होतं, आणि सकाळचं ते म्हातारं जोडपं टोकाला वळसा घालून परत येत होतं. “अजून बसलाच आहात?” आजोबा लांबूनच ओरडले. उत्तर एकीला देता येत नव्हतं आणि एकाला द्यायचं नव्हतं.

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. बाईंच्या हनुवटीखाली बोट लावून त्यांचा चेहरा उजेडाकडे वळवला.

“धरलं असेल आता,” ते म्हणाले. “उघडा. आणि बोला काय बोलायचं ते.”

सकाळपासून साठलेलं काय कमी होतं? पण बाईंनी तोंड उघडलं, जिभेने दाढ चाचपली, आणि त्यातलं काहीच बोलल्या नाहीत.

“लाकडी,” त्या म्हणाल्या. “लोखंडी कठडा रात्रीचा हाताला फार गार लागतो.”